बाईसाहेबांचा फोटो

मास्तरांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की शिलाई मशीनसुद्धा लाजतं, असं गिऱ्हाइकं म्हणत. कापड बेतता बेतता मास्तर चौघांची टोपी उडवायचे आणि मधेच हाळी द्यायचे, "बाईसाहेब, बटणं!" बायकोला ते लग्नापासून याच नावाने हाक मारत. ती आतल्या खोलीत काज-बटणं करायची. "आले हो, पळून नाही चालले," म्हणत बाहेर यायची.

मग एका सकाळी मास्तरांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. हातपाय वाचले, शब्द गेले. कळायचं सगळं, पण तोंडातून ब्र निघेना.

दवाखान्यात विजेचा उपचार आहे म्हटल्यावर तिने मास्तरांचं डोकंच हातांनी झाकलं. "यांच्या डोक्याला इस्त्री करणार का?"

बोलणं शिकवणारी बाई हसली. मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने डोक्याला बांधायचे, अगदी हलकी वीज सोडायची, थोड्या मुंग्या येतात, बस. पण नुसत्या विजेने भागत नाही, ती चालू असताना शब्द घोटून घ्यावे लागतात. "त्यांनी काय काय बोलावं असं तुम्हाला वाटतं, त्याचे फोटो आणा."

तिने दुकानातले फोटो काढले. कात्री, टेप, दोरा, बटण, इस्त्री. दुकान उघडलं की माणूस मार्गी लागेल, असा तिचा होरा.

"आणि तुमचा?" बाईने विचारलं.

"माझा कशाला? मला काय विसरणार आहेत ते? बाकीचं आलं की माझं नाव मागोमाग येईल." शिवाय फोटो काढायचा तर केस विंचरायला हवेत, आणि तेवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

मास्तर पट्टा बांधून बसत आणि एकेका फोटोपुढे घामाघूम होत. शब्द तिच्या ओठांवर येई. बाई डोळ्यांनीच दटावे. मग ती तळहात तोंडावर दाबून धरी. एक दिवस मास्तर म्हणाले, "क... कात्री." तिला तिथल्या तिथे हुंदका फुटला. पुढे दोरा आला, टेप आली, इस्त्रीही आली. आता आपली पाळी, असं ती रोज मनाशी म्हणे.

शेवटच्या दिवशी बाईने न शिकवलेली चित्रं समोर ठेवली. दार. पाणी. झाड. मास्तर गप्प.

"घोटले तेवढेच आले," बाई खाली बघत म्हणाली. "वाटलं होतं, बाकीचेही सुटतील."

"मग माझा फोटो आणते ना! आत्ता केस विंचरते आणि आणते. पुन्हा बांधा तो पट्टा."

"डॉक्टरांना विचारलं मी. आता आणखी फायदा होणार नाही म्हणाले. घरी सराव करून घ्या."

घरी तिने स्वतःचा फोटो मास्तरांपुढे सकाळ-संध्याकाळ धरला. मास्तर फोटोकडे बघत, मग तिच्याकडे बघत, आणि डोळे पुसत. आपल्याच हाताने आपण स्वतःला त्यांच्या तोंडातून काढून टाकलं, हे तिला खात राहिलं. शेवटी तिने फोटो बटणांच्या खणात टाकून दिला.

दुकान मात्र उघडलं. एका दुपारी बाहेरून आवाज आला, "कात्री!" तिने जादाची कात्री नेऊन दिली. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. दोरा दिला, टेप दिली. "कात्री! कात्री!" मास्तर रडवेले झाले होते. तेव्हा कुठे तिचं लक्ष गेलं. त्यांची कात्री त्यांच्या हातातच होती.

"मी? मला हाक मारताय?"

मास्तरांनी जोरजोरात मान डोलावली.

"आले हो," ती कशीबशी म्हणाली. पुढचं तिला म्हणवेना.

मास्तरांनी पुन्हा तोंड उघडलं. ओठांची नुसती झटापट झाली आणि बाहेर पडलं, "कात्री." त्यांनी हातातली कात्री टेबलावर आपटली आणि स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. तिने हात धरायच्या आत दुसरी मारली.