साक्षीचा पाव

पाव भट्टीतून बाहेर आला की बोलतो.

माझ्या गाडीला दोन ब्रेक आहेत.

आमच्या फ्रिजमध्ये हल्ली इतकी अंडी असतात, की एखाद्या दिवशी आतून आरवल्याचा आवाज येईल, असं नवरा म्हणतो.

आईच्या उजव्या डोळ्यापुढे धुकं आहे. ती म्हणते, धुकं कसलं, पीठ आहे ते. जन्मभर उडालं, आता खाली बसतंय.

बेकरीच्या मागच्या दाराला कडी नव्हती; पहाटे गल्लीतलं कुणीही आत यायचं.

फुलकोबी किसली की भातासारखी दिसते. दिसते.

पीठ आधी सुटंच असतं. पाणी मागाहून पडतं.

तर आई बेकरीवाली. एका अरुंद गल्लीच्या टोकाला आई आणि बाबा मिळून बेकरी चालवायचे. बाबा गेले, बेकरी गेली, आई माझ्याकडे राहायला आली. येताना दोन गोष्टी घेऊन आली : पीठ मळायची लाकडी फळी आणि साखर. फळी दाराआड उभी आहे. साखर रक्तात आहे.

डाव्या डोळ्यानं तिला आधीपासूनच नावापुरतं दिसतं. उजव्यात मोतीबिंदू पिकला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण साखर खाली आणा. मग आहारतज्ज्ञ मुलगी आली. तिनं पाव काढला, भात काढला, बटाटा काढला, फळांमधली गोड ती काढली. उरलं काय, तर अंडी, पनीर, पालेभाज्या आणि उपदेश. मला वाटलं होतं, आई आकांडतांडव करील. तिनं काहीच केलं नाही. मुकाट्यानं फुलकोबी खाल्ली. साखर उतरली. ऑपरेशनची तारीख मिळाली.

आणि तारीख तोंडावर आली असताना, एके दिवशी अंड्याचं कवच सोलता सोलता आई म्हणाली,

"ते चीट मील का काय म्हणतात, ते मला कधी?"

"तुला कुणी सांगितलं चीट मीलचं?"

"दिसत नाही मला. ऐकू येतं."

मी आहारतज्ज्ञ मुलीला फोन केला. ती म्हणाली, "काहींना आठवड्यातून एखाद वेळी दिलेलं चालतं. उलट बरं असतं, मन मारलं जात नाही. काहींना मात्र एकदा दिलं की सुटतच नाही. तुम्ही आईंना ओळखता. तुम्हीच ठरवा."

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "साखर चढली तर तारीख जाईल. पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही."

म्हणजे एकीनं चेंडू माझ्याकडे टोलवला आणि दुसऱ्यानं मला हलायला जागा ठेवली नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

"नाही," मी आईला सांगितलं. "ऑपरेशन झाल्यावर बघू."

"काय हवंय ते तरी विचार."

"काय हवंय?"

"पाव."

"केक नको? आइस्क्रीम?"

"मी काय पाहुणी आहे का लग्नातली? पाव म्हटलं ना."

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठलीही गोष्ट मधल्या मजल्यावर अडकली की तो खूश असतो. म्हणाला, "आई, मी गुपचूप आणू का एखादा?"

"नको, जावईबापू. घरात फौजदार आहे."

फौजदार म्हणजे मी.

*

भट्टीतून पहिला घाणा निघायचा तेव्हा बाहेर अजून पुरतं उजाडलेलं नसे. त्या घाण्यातला पहिला पाव कधीच विकायचा नाही, असा आमच्या घरचा नियम होता. कुणी ठरवला, माहीत नाही. आजोबांच्या वेळेपासून होता. त्या पावाला आम्ही साक्षीचा पाव म्हणायचो.

तो मळायच्या फळीवर ठेवायचे. गरम पावाला बाहेरचा वारा लागला की त्याचं कवच तडकायला लागतं. बारीक आवाज येतो, कुणीतरी फार लांबून वाळक्या पानांवरून चालत यावं तसा. आई तो पाव फडक्यात धरून माझ्या कानाशी आणायची. माझ्या खांद्याला दप्तर, केस अर्धे विंचरलेले. "बघ, काय म्हणतोय?" मी काहीतरी सांगायची. आज गणिताचा पेपर सोपा आहे म्हणतोय. आई म्हणायची, खोटारडा आहे मग हा.

त्याचं बोलणं थांबलं की बाबा तो हातानं मोडायचे. सुरी नाही. ज्यानं पीठ मळलं त्याला कडा, बाकीच्यांना मधलं. प्रत्येकानं खायचं आणि घास गिळेपर्यंत बोलायचं नाही. नंतर एकानं एकच गोष्ट सांगायची. मीठ कमी. भट्टी मंद. आज जमलंय. ते ऐकून बाबा दुकान उघडायचे.

गल्लीत कुणी भांडून आलेलं असो, रडून आलेलं असो, तो एक घास सगळे गप्प बसून चावायचे. मला तेव्हा वाटायचं, सगळ्यांच्याच घरी सकाळ अशीच होत असणार.

*

आईच्या स्वेटरच्या बाहीवर पीठ.

दुपारच्या फेरफटक्याहून ती परत आली आणि तिच्या अंगाला ताज्या पावाचा वास. मी दारातच अडवली.

"आई, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस? कुठे खाल्लास?"

"खाल्ला नाही."

"बाहीला काय लागलंय मग?"

"दिसतंय तुला, तर तूच सांग."

"आई!"

ती खुर्चीत बसली. बूट काढायला वाकली, तिला नाडी सापडेना, मी काढून दिले. मग म्हणाली, "कोपऱ्यावर ती नवी बेकरी झालीय ना, तिथे गेले होते. ऐकायला."

"काय ऐकायला?"

"पाव, दुसरं काय. मुलगा चांगला आहे. आजी बसा म्हणतो, स्टूल देतो. शेजारीच पाव गार करायला ठेवतो."

"मग? आला ऐकू?"

"त्याच्या दुकानात दिवसभर गाणी लावतात. काय डोंबल ऐकू येणार!"

मला हसू आलं. मग आलं नाही.

*

मी गाडी चालवायला शिकवते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं चुकवलं की मी दाबायचा. त्या आठवड्यात माझ्याकडे दातांच्या एक डॉक्टरीणबाई शिकत होत्या. वय झालेलं, जीभ शाबूत. एका चौकात दिवा लाल झाला, त्या ब्रेककडे पाय नेणार, तोच मी माझा ब्रेक दाबला. गाडी धक्का खाऊन थांबली.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दर चौकात तुमचाच पाय आधी. माझा ब्रेक खरा आहे की नुसता शोभेला लावलाय?"

"तुम्ही ठोकाल म्हणून."

"मी आता दाबणारच होते! रोगी ओरडायच्या आधीच त्याचं तोंड दाबून धरलं तर दात कुठला दुखतोय, ते मला कसं कळायचं?"

मागच्या गाडीनं हॉर्न मारला. दिवा हिरवा झाला होता, आम्ही दोघी तशाच बसून होतो.

घरी जाताना मी हिशेब केला असं म्हणणार होते, पण हिशेब काही झाला नाही. तारीख गेली तर ती पुन्हा कधी मिळेल. आणि तारीख मिळूनही डोळा नाहीच उघडला तर. आणि आईनं इतके महिने तोंडातून चकार शब्द न काढता फुलकोबी खाल्ली ती कुणाच्या ब्रेकमुळे, माझ्या की तिच्या. आणि पाव दिलाच आणि ती थांबलीच नाही तर. आणि तिला न थांबलेलं मी कधी पाहिलंय. आणि जिना आला.

"रविवारी पाव," मी आत शिरता शिरताच म्हटलं.

आईनं मान वर केली. "किती?"

"ते तू ठरव."

"म्हणजे फौजदारांनी राजीनामा दिला?"

"रजेवर गेलेत. एक दिवस."

तिनं स्वेटरची बाही झटकली. मग म्हणाली, "विकतचा नको. साक्षीचा पाव विकत मिळत नाही. मळायचं तू."

"मला कुठे येतं?"

"हात आहेत ना? फळी काढ."

*

पीठ हाताला चिकटलं. "चिकटू दे." पीठ सैल झालं. "होऊ दे, मळत राहा." खांदे दुखायला लागले. "आता कुठे सुरुवात झाली." आई शेजारी बसून फळीवर तळहात टेकवून होती, फळीच्या थरथरण्यावरून तिला सगळं कळत होतं. मध्येच म्हणाली, "तुझे बाबा मळताना शिट्टी वाजवायचे. बेसूर. पीठ घाबरून फुगायचं."

पाव ओव्हनमधून निघाला तो एका बाजूला कललेला. नवरा त्याच्याकडे बघून काहीतरी बोलणार होता. आईनं बोट वर केलं.

तिनं पाव फडक्यात घेतला आणि कानाशी नेला. डोळे मिटले. मग हात लांब करून माझा कान शोधला, आधी गालाला लागला, मग सापडला. वाळकी पानं. लांबून कुणीतरी.

आवाज थांबल्यावर तिनं तो मोडला. कडा माझ्या हातात दिली. मधला मोठा तुकडा जावयाला. स्वतःला अंगठ्याएवढा. आम्ही तिघं गप्प बसून चावत होतो. तिचं चावणं संपेना. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवून गेलं. मी तिच्या हाताकडे बघत होते, दुसरा तुकडा उचलते का ते. माझा उजवा पाय टेबलाखाली आपोआप जमिनीवर दाबला गेला होता.

तिनं गिळलं. उरलेला पाव हाताच्या मागच्या बाजूनं माझ्याकडे सरकवला.

"मीठ कमी," ती म्हणाली.

"आणखी घे की जरासा."

"नको गं. पोटासाठी मागितला नव्हता."

पुन्हा तिनं चीट मीलचं नाव काढलं नाही. तारीख हुकली नाही. पट्टी निघाल्यावर तिनं आधी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, पिकलीस की तू!" मग घरी आल्या आल्या दाराआडची फळी खिडकीशी नेऊन तिच्यावरच्या सुरीच्या नसलेल्या खुणा शोधत बसली.

बेकरी शेवटची उघडली त्या सकाळी बाबा हॉस्पिटलात होते, आणि पहिला पाव आईनं, न ऐकता, न मोडता, एका घाईतल्या गिऱ्हाइकाला विकून टाकला होता.