हमरोकुलचा न थांबणारा पाळणा

आमच्या मार्गिलानमध्ये बाळाचा पाळणा मुलीच्या माहेरून जातो, आणि तो म्हाताऱ्या सुताराच्या, उस्ता तोशमतच्या हातचा असतो. गेली चाळीस वर्षं असंच चाललं होतं. मग हमरोकुल बसच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि मोबाइल त्याच्या हाती लागला.

त्याची मुलगी मुहय्यो बाळंत झाली, तेव्हा पाळणा मीच करणार असं त्यानं जाहीर केलं. मी शेजारी, समजावून पाहिलं. तर म्हणे, उस्तानं जे शिकायला जन्म घालवला ते मी अकरा व्हिडिओंत उरकलंय. व्हिडिओतला दाढीवाला परमुलखातला, भाषा कळेना, आणि करत होता डुलती खुर्ची. पण डुलायचं ते डुलायचं, खुर्ची काय नि पाळणा काय, असं हमरोकुलचं मत.

तुतीचं लाकूड आलं. एक डोळा मोबाइलवर, एक रंध्यावर. शू वाहून जायला तळाला भोक लागतं, ते त्याची बायको ओरडली म्हणून तेवढं पाडलं. सोमवारी पाळणा झाला. हमरोकुलनं कौतुकानं त्याला बोट लावलं.

बुधवारी तो अजून डुलत होता.

रिकामा पाळणा हलणं बाळाला वाईट, हे आमच्याकडे बाळालाही ठाऊक असतं. बायकोनं पाय लावून धरला. पाय काढला की पुन्हा सुरू. शेवटी निदान रिकामा नको म्हणून आत पिठाचं पोतं ठेवलं. पोतं गाढ झोपलं. त्या पिठाची कणीक पुढे काही केल्या फुगली नाही, आणि तिची रोटी खाऊन मी स्वतः भर बाजारात जांभया दिल्यात.

गुरुवारी पाळणा गाडीच्या टपावर बांधून आम्ही मुहय्योच्या सासरी निघालो. चौकात गाडी थांबली तरी डुलत होती. दारात पोतं काढून पाळणा खाली ठेवला, आणि सगळ्या बायकांसमोर तो रिकामाच झुलायला लागला.

मुहय्योची सासू साओदत बाळाला छातीशी धरून मागे सरली. "व्याही, माझा नातू यात निजायचा नाही. न्या परत."

मुहय्यो खाली बघत राहिली. पाळणा परत गेला तर माहेरावरून जन्मभर ऐकावं लागणार होतं. हमरोकुलनं मोबाइल काढला, पण दाढीवाल्याकडे यावर काही नव्हतं.

पाहुण्यांत उस्ता तोशमतही होता, पुलावापाशी बसला होता. हमरोकुल त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. टोपी काढली.

उस्तानं बोटं पुसली, कमरेच्या फडक्यातून छोटा रंधा काढला, पाळणा उलटा केला. खालच्या दोन्ही वाकड्या पट्ट्यांचं पोट मधोमध जरा सपाट केलं. तीन हात फिरवले फक्त. सरळ ठेवला, ढकलला. पाळणा चार वेळा डुलला आणि गप्प उभा राहिला.

"हे त्यानं दाखवलंच नाही," हमरोकुल पुटपुटला.

"तो कशाला दाखवील? खुर्चीतला माणूस पाय टेकून थांबतो. तुझा नातू कुठला पाय टेकणार, बाबा?"

साओदतनं पाळणा स्वतः एकदा ढकलून पाहिला. मग पाळण्यात निजवायच्या रीतीप्रमाणे बाळाला मुद्दाम उलटं धरून विचारलं, "असं निजवू?"

"नाही, नाही," सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज मुहय्योचा होता.

रंध्याचे ते तीन छिलके हमरोकुलनं टोपीत घालून घरी आणले. खिडकीत ठेवलेत. वारा नसला तरी डुलत असतात.