सहावं पत्र

ज्या पत्राला ठावठिकाणा नाही ते टपालखात्यात डेड लेटर. वकील मंडळी हेच नाव धूळ खात पडलेल्या कायद्यालाही देतात. अशा पत्रांच्या तळघरातल्या खोलीत तो एकोणीस वर्षं बसत होता. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर ते उघडून आत पत्ता शोधायचा, हा नियम भिंतीवर काचेत लावलेला. पण एवढा उपद्व्याप करतो कोण? शिक्का मारायचा, फाडायचं आणि पोत्यात टाकायचं. साहेबांनीही कधी हटकलं नाही.

त्याची बायको शिवणकारखान्यात होती. कामाच्या वेळी मागचं दार उघडं हवं असा कायदा होता, तरी मालक कुलूप ठोकायचा. ती घरी कुरकुर करायची. "अगं, नसत्या भानगडीत पडू नकोस," तो म्हणायचा. पुढे तिनं त्याच्याशी हा विषय काढणंच सोडलं. वीस दिवसांपूर्वी कारखान्याला आग लागली. नऊ बायका गेल्या. त्यांत तीही.

आठवड्यात तो कामावर आला. रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. हात तेवढे सवयीनं चालत होते.

आज एक पाकीट आलं. वर लिहिलेलं, 'मुख्य कारखाना निरीक्षक'. त्या कार्यालयाला चार वर्षांपूर्वीच टाळं लागलेलं. अशी पाकिटं त्यानं आधीही फाडली होती. पण यावरचा शिक्का आगीच्या आदल्या दिवसाचा होता. त्यानं पाकीट उघडलं.

'मागचं दार उघडायला लावा. हे आमचं सहावं पत्र आहे.' खाली पंधरा सह्या. पहिली बायकोची, शेजारी त्यांच्या घराचा पत्ता.

शेजारच्या टेबलावरचा सोबती मान वाकडी करून वाचत होता. "मालक चौकशीत छातीठोकपणे सांगतोय, एकही तक्रार नव्हती म्हणून," तो कुजबुजला. "पण हे तिथं नेलंस तर तुझीच नोकरी जाईल. टाक गपचूप पोत्यात."

रजेचा अर्ज न देताच तो निघाला.

चौकशीच्या खोलीतल्या बाईंनी पत्र दोनदा वाचलं.

"आधीची पाच कुणाकडे पोचली?"

"माझ्याकडे," तो म्हणाला.