मावशी नेमकी कुठली?

सकाळचे साडेसात वाजले होते. मी मेंग सुनदोकच्या खाणावळीत नेहमीच्या खिडकीजवळ बसलो होतो. समोर भात, मोड आलेल्या सोयाबीनचं सार, अर्धा भाजलेला बांगडा आणि तीन वाट्यांत भाज्या. शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी या वस्तीत मला सगळे गुरुजीच म्हणतात, आणि सुनदोक अजूनही माझ्या ताटात लसूण घातलेल्या कोबीची किमची कमी ठेवते. तिच्या मते शिकवणाऱ्याच्या तोंडाला वास येऊ नये.

आज ती वैतागली होती. दारातून दप्तरवाला मुलगा दिसला की ओरडायची, "ए, तू दाओन का रे?" आणि मुलगा पळून जायचा. कोपऱ्यात झाकलेलं एक ताट वाट बघत होतं.

इतक्यात एक आठ-नऊ वर्षांची मुलगी आत आली. केस स्वतःच बांधलेले. एक शेंडी वर, एक खाली.

"मावशी आहे का?" तिने विचारलं.

"बोल!" सुनदोक म्हणाली.

"हो, काय हवं?" भांडी घासणारी आतून ओरडली.

"आले, आले!" भाजी चिरणारीही उठली.

मुलगी तिघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "तसली नाही. खरी. माझ्या आईची बहीण."

"मला बहीण नाही गं," सुनदोक म्हणाली. बाकी दोघींनीही मान हलवली. तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने हाक मारली, "मावशी, थोडं सार आणा!" आणि तिघी पुन्हा "हो" म्हणाल्या. मुलीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

मी तिला जवळ बोलावलं. ती आणि तिची आई तीनच दिवसांपूर्वी या वस्तीत आल्या होत्या. आईची विमानतळावर पहाटेची पाळी. कामावर फोन बंद. जाताना ती अर्धवट झोपलेल्या लेकीला म्हणाली होती, "मावशीकडे जाऊन जेव. गल्लीतच आहे. मी सांगून ठेवलंय."

"मला मावशी आहे हे मला माहीतच नव्हतं, आजोबा," ती हळूच म्हणाली. "आई म्हणते, आपलं कुणी नाही. म्हणजे भांडण झालं असणार. आता मिटलं असणार. हो ना?"

मला काय ठाऊक? पण शाळा नऊला भरत होती, आणि पोरीच्या पोटात काही नव्हतं. मी तिला बांगडा देऊ केला. "मावशीकडेच जेवणार," ती म्हणाली. मग मीच उठलो.

राजवाड्याच्या पश्चिमेकडच्या आमच्या गल्ल्या म्हणजे गुंतलेली लोकर. एक वळण घेतलं की कुणाच्या तरी लोणच्याच्या रांजणांपाशी रस्ता संपतो. मी इथेच जन्मलो, तरी दोनदा मागे फिरावं लागलं. कौलांवरून इनवांगचा डोंगर कधी डावीकडे दिसे, कधी उजवीकडे.

"आजोबा, तुम्हाला रस्ता येतो ना?"

"मला येतो. रस्त्यालाच मी येत नाही बहुतेक."

ती हसली नाही.

'मूळ मावशी' अशी खाणावळीची पाटी दिसली तशी ती धावत सुटली. आत एक टकला माणूस पीठ मळत होता.

"मूळ मावशी कुठंय?"

"वारली. माझी सासू. आता मीच मावशी," तो म्हणाला. "सगळे तशीच हाक मारतात. पहिली दोन वर्षं राग यायचा."

पुढे 'मावशीचं केशकर्तनालय' होतं. तिथल्या बाईने मुलीच्या शेंड्या बघून कपाळावर हात मारला आणि न विचारता केस सोडून पुन्हा बांधायला घेतले.

"तुम्ही माझ्या आईची बहीण आहात?" मुलीचा आवाज एवढासा झाला होता.

"तुझी आई कोण, बाळ? आणि तू कोण?"

"मी दाओन."

सुनदोक सकाळपासून हेच नाव ओरडत होती. चाळीस वर्षं हजेरी घेतली मी, आणि या पोरीचं नावच विचारलं नव्हतं.

परत येताना मी तिला काहीच सांगितलं नाही. चूक मुलांना स्वतः सापडू द्यावी, असं मी नेहमी म्हणतो. आज मात्र मला धीरच होत नव्हता, इतकंच.

सुनदोक दारातच होती. "ही दाओन? अगं, नावावरून मला मुलगा वाटला, सकाळपासून मुलगाच शोधतेय! तुझी आई काल म्हणाली, 'मावशी, आमच्या दाओनला सकाळचं जेवण द्याल का?' बस, बस."

दाओन बसली. तिने ताटाकडे पाहिलं, मग सुनदोककडे.

"म्हणजे तुम्ही आईच्या मावशी?"

"तशी हाक मारते ती. त्या हिशेबाने मी तुझी आजी लागते." सुनदोक गोंधळली. "पण तूही मावशीच म्हण. सगळेच म्हणतात."

"सगळेच म्हणतात, तर मग ती माझी कशी?" दाओनने चमचा खाली ठेवला. "म्हणजे आमचं कुणी नाहीच."

सुनदोक तिच्यासमोर बसली आणि ओले हात मांडीला पुसत राहिली. "हे बघ, मी एकुलती एक. मला कधी भाचीच नव्हती. खरी मावशी काय करते, सांग बघू?"

"मला कसं माहीत? मला कधी मावशी नव्हती."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. व्याख्या सांगायला मी तोंड उघडलं, पण बाहेर आली ती आठवण. "माझी मावशी होती. ती फार ओरडायची. जेवण टाकलं की जास्तच."

सुनदोकने टेबलावर हात आपटला. "दाओन! सार निवतंय! आधी जेव, मग रड! आणि बांगड्याला पाठ काय दाखवतेस?"

दाओन दचकली. तिने चमचा उचलला. एक घास, मग दुसरा. मग भाताचं भांडं तळापर्यंत खरवडलं.

मी तिला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. निम्म्या वाटेवर ती थांबली.

"गुरुजी, ती रागावली म्हणजे मावशी झाली, की नुसतीच रागावली?"

"विचार करून उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्या कुठे?"

"कुठे म्हणजे? तू जेवायला येशील तिथेच."

मग घंटा झाली आणि ती पळाली. मी उत्तर शोधत परत खाणावळीकडे वळलो.