वेतामावशीची खळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी, निळी आणि जराशी तिरकी खिडकी आहे. तिरकेपणा माझा नव्हे, लात्सू सुताराचा. त्यानं मला नगराध्यक्षांच्या स्वयंपाकघरासाठी बनवलं होतं. डावी झडप काही केल्या चौकटीत बसेना, तेव्हा नगराध्यक्षांच्या बायकोनं नाक मुरडलं. मग लात्सूनं मला उचलून मुरेश नदीकाठच्या रोमा लोकांच्या वस्तीतल्या बालवाडीला देऊन टाकलं. दानशूर म्हणून तो अजून मिरवतो.

बालवाडी म्हणजे एकच खोली आणि मागं चुलीपुरती जागा. वस्तीतले आईबाप पहाटे शहराचे रस्ते झाडायला जातात आणि त्यांची पोरं दिवसभर माझ्यासमोर असतात. आंबट सूप भुरकतात, गाणी शिकतात, दुपारी घरून आणलेल्या आपापल्या उशीवर झोपतात. माझ्या काचेवर तोंडाची वाफ सोडून बोटानं मांजरं काढतात. सगळी मांजरं डुकरासारखी दिसतात, पण मी कधी बोलून दाखवलं नाही.

माझं वैर होतं ते वेतामावशीशी. ती बालवाडीची स्वयंपाकीण. तिच्या लेखी जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच, वाऱ्याचा झोत. दाढ दुखली, झोत लागला. मान आखडली, झोत लागला. तिच्या दिराचं लग्न मोडलं तेही झोतानंच, कारण तो आगगाडीत उघड्या खिडकीशी बसून मुलगी बघायला गेला होता. तिला एकटीला तरी काय बोलू, आमच्याकडे सगळेच असं मानतात. पानगळ सुरू झाली की ती पिठाची खळ शिजवायची आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या लावून माझ्या फटी बुजवून टाकायची. वसंतापर्यंत मी आपली गुदमरलेली.

अशात इंगेरबाई आल्या. डेन्मार्कच्या. तिकडच्या बालवाडीत उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या, आणि आता वर्षभर आमच्या पोरांसाठी बिनपगारी राबायला आलेल्या. ताडमाड उंच, आणि आमची भाषा जेमतेम चार शब्द. पहिल्याच दुपारी त्यांनी खोलीचा वास घेतला, तडक माझ्याकडे आल्या, कागद टराटरा फाडले आणि मला सताड उघडलं. काय सांगू मित्रांनो, मला भरूनच आलं. मग त्यांनी पोरांना माझ्याखाली ओळीनं झोपवलं.

वेतामावशी सुपाचा डाव घेऊन आली ती दारातच थिजली. तिनं मला धाडकन लावलं. बाईंनी हसून उघडलं. तिनं पुन्हा लावलं. दोघींना एकमेकींचं बोलणं कळत नव्हतं, त्यामुळे भांडण फार सभ्यपणे चाललं. हाल झाले ते माझ्या बिजागऱ्यांचे.

आणि मग चार वर्षांची गारोफित्सा शिंकली. एकदाच.

संध्याकाळपर्यंत ती शिंक वस्तीभर झाली. दुसऱ्या दिवशी एकही पोर आलं नाही. खोली नगरपालिकेची, आणि त्यांना ती गोदामाला हवीच होती. पोरं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीला कुलूप लागणार, हे माझ्या कडीलाही कळत होतं. वेतामावशी भरल्या पातेल्यासमोर बसून राहिली. इंगेरबाईंनी आपली बॅग दाराशी आणून ठेवली. आपण गेलो तर पोरं परत येतील, असं त्यांना वाटलं असावं.

त्याच दुपारी आज्या उशा न्यायला आल्या. पुढे रुजित्साआजी, गारोफित्साची आजी. तिचा शब्द वस्तीत कुणी मोडत नाही. तिनं नातीची उशी बगलेत मारली आणि वळली. तेवढ्यात इंगेरबाईंनी बॅगेतून एक जुना फोटो काढून तिच्यापुढे धरला. फोटोत गुडघाभर बर्फ, बर्फात बाबागाडी, आणि गाडीत एक इवलंसं तोंड. आमच्याकडं तान्ह्यांना असंच उघड्यावर निजवतात, वाऱ्यानं काही होत नाही, बघा मी कशी ठणठणीत आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

“मी,” बाई छातीवर बोट ठेवून म्हणाल्या. “बाहेर झोप. रोज. छान.”

सगळ्या आज्या फोटोवर वाकल्या.

“कुणी ठेवलं गं तुला असं बर्फात?” रुजित्साआजीनं विचारलं.

“आई.”

“सख्खी आई? आणि ती कुठं होती?”

“आत,” बाई हसून म्हणाल्या. “कॉफी.”

आजीच्या बगलेतली उशी खाली पडली. तिनं इंगेरबाईंना कवेत घेतलं. बाई एवढ्या उंच की आजीचं डोकं त्यांच्या पोटाशी आलं. बाकीच्या आज्यांनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले. एकीनं स्वतःची शाल बाईंना गुंडाळली, दुसरीनं त्यांच्या कानात कापूस कोंबला. बाई नुसत्या बघत राहिल्या.

“तिची काय चूक?” सुपाचा वाडगा पुढे करत वेतामावशी म्हणाली. “तिला कुणी पांघरूणच घातलं नाही कधी.”

दुसऱ्या दिवशी सगळी पोरं आली. आईनं बर्फात ठेवलेल्या या लेकराला एकटं सोडायचं नाही, असा रुजित्साआजीचा हुकूमच होता. माझ्याबद्दलही तोडगा निघाला. दुपारी पोरांनी टोप्या घालून चुलीमागं बसायचं आणि वेतामावशीचं एक गाणं होईपर्यंत मला उघडायचं. सुरुवातीला ती लबाड निम्मी कडवी गाळायची. पुढे पुढे पदरची नवी कडवी जोडायला लागली.

वर्ष संपलं आणि इंगेरबाई गठ्ठाभर शाली घेऊन गेल्या. आता पुन्हा पानगळ आली आहे. वेतामावशीनं परवा खळ शिजवली आणि माझ्या फटी बुजवल्या. डावी झडप मात्र तिनं मोकळी ठेवली. गारोफित्सानं विचारलं तर म्हणाली, “ती आली की आधी तिकडंच धावणार. उगीच कागद फाडत बसेल.”

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात माझी एखादी बहीण रंगानं नाहीतर कागदानं गच्च बसली असेल. तिला एका गाण्यापुरतं तरी उघडत जा. टोपी घालून उघडा, कान बांधून उघडा, आमची हरकत नाही. मी तर डाव्या झडपेनं वाटेकडं डोळे लावून आहे. काल त्याच काचेवर गारोफित्सानं इंगेरबाई काढल्या. डुकरासारख्या दिसतात, पण कानात कापूस आहे, म्हणून लगेच ओळखू आल्या.