भिंतीवरचा कान

मी राउटर बोलतोय. सडक अर्जुनीत ओमेशच्या घरी, देवघराशेजारच्या भिंतीवर मी तीन वर्षं लुकलुकत होतो. चेहरा भोळा आहे माझा. त्यावर जाऊ नका.

घरातल्या फोनला एखादं पान उघडायचं असलं की तो आधी मला त्याचं नाव सांगून पत्ता विचारतो. उघड्या पोस्टकार्डासारखं. मी वाचायचो, पुढे धाडायचो आणि यादीत नोंदवून ठेवायचो. ती यादी ओमेश रोज सकाळी चहाबरोबर आपल्या फोनवर उघडून वाचायचा.

रुचिका त्याची बायको. एका दुपारी तिने नागपूरच्या नर्सिंग कॉलेजचं पान पाहिलं. कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी भात कालवता कालवता ओमेश शांतपणे म्हणाला, "नागपूरच्या होस्टेलात जेवन बेकार रायते म्हनतात."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली.

मग ती काय काय पाहिलं ते फोनमधून पुसू लागली. तरी त्याला कळायचंच. फॉर्मची शेवटची तारीखही त्यानेच तिला हसत सांगितली. ती फोन तांदळाच्या कोठीत खुपसून ठेवू लागली. "या घरात कोनीतरी हाय बाई, आयकून रायते," म्हणत सासू धुरपताबाईंनी लिंबू-मिरची बांधली, ती नेमकी माझ्याच खिळ्याला. मला फार लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून मला गप्प बसता येत नाही.

राखीला ओमेशची बहीण प्राची गोंदियाहून आली. ती कॉम्प्युटर शिकलेली. रुचिकाचं ऐकून तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"वहिनी, भूत नाई. हा डब्बा चुगली करून रायला."

तिने वहिनीच्या फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस लावलं. आता नावं बंद पाकिटातून जाणार होती. माझ्या हाती नुसतं पाकीट. "पन एकट्या तुमच्याच फोनले लावलं त दादाले समजन. साऱ्यायच्या लावू."

सासूचा फोन झाला, टीव्ही झाला. ओमेशचा राहिला. राखी बांधून झाल्यावर प्राची म्हणाली, "ओवाळणी नको, दादा. पाच मिनिटं तुहा फोन दे." त्याने हौसेने दिला, वर पासवर्डही सांगितला.

दुसऱ्या सकाळी त्याचा चहा निवून गेला. यादीत एकही नाव नव्हतं. त्याने मला बंद केलं, चालू केलं, शेवटी कानाला लावलं.

त्या आठवड्यात रुचिकाच्या फोनातून दुपारभर पाकिटं जात राहिली. कुठल्या गावच्या कॉलेजला, ते मला वाचता आलं नाही. मग एका भरदुपारी तिचा फोन माझ्या टापूबाहेर गेला, तो परत आलाच नाही.

संध्याकाळी ओमेश माझ्यासमोर उभा राहिला. "कोठं गेली थे?" तो मला विचारत होता. खरंच, मला. बाजूलाच त्याची आई तांदूळ निवडत बसली होती. रुचिकाला एसटीत बसवून तीच आली होती. तिला त्याने विचारलंच नाही.

आता मी माळ्यावर पडून आहे. माझ्या खिळ्यावर नवा राउटर लागलाय. तुमच्याही भिंतीवर आमच्यापैकी कुणीतरी लुकलुकत असेल. त्याच्या हाती उघडं काही देऊ नका. तो वाईट नाही हो. पण विचारलं की आम्हाला सांगावंच लागतं.