नऊ आणि दहाच्या मधला रस्ता

गुणवंत टिपणिसांना संशय यायला कारण लागत नसे. संशय आधी येई, कारण ते मागाहून शोधत, आणि बहुतेक वेळा ते सापडेही. म्हणूनच दुबईतल्या त्या गोल्फ क्लबात बग्ग्यांचे सुपरवायझर म्हणून सात वर्षं त्यांची खुर्ची हलली नव्हती. बॅटरीवर चालणाऱ्या बेचाळीस बग्ग्या त्यांच्या ताब्यात. कुठली किती वाजता गेली, किती वाजता परतली, कुणाच्या सीटखाली कुणाचा ग्लोव्ह राहिला, सगळं रजिस्टरात. हाताखालचे लोक म्हणत, टिपणीससाहेब स्वतःच्या सावलीलासुद्धा सही घेतल्याशिवाय गेटातून आत सोडत नाहीत.

२००१ सालच्या ऑक्टोबरातल्या एका सोमवारी, दुपारी चार वाजता, चौदा नंबरच्या बग्गीला पिकअपनं उडवलं.

क्लबाच्या मधून सरकारी रस्ता जात होता. खेळाचे पहिले नऊ खड्डे रस्त्याच्या अलीकडे, पुढचे नऊ पलीकडे. त्यामुळे नववा संपवून दहाव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक बग्गीला तो रस्ता ओलांडावाच लागे. रस्ता बग्गीचा नव्हे, गाड्यांचा. बग्गीनं पांढऱ्या पट्टीवर थांबायचं आणि वाट मोकळी दिसली तरच निघायचं. चौदा नंबरचा ड्रायव्हर मुश्ताक थांबला होता. मग निघाला, आणि पलीकडे काही पोचला नाही. नशीब की मागे पाहुणा नव्हता, नुसती गोल्फच्या काठ्यांची पिशवी होती. काठ्या रस्ताभर विखुरल्या, बग्गी कुशीवर पडली आणि मुश्ताकचं डावं मनगट मोडलं. पोलीस आले, त्यांनी पट्टी पाहिली, पिकअपवाल्याला सोडलं आणि चूक बग्गीची असा कागद क्लबाच्या हाती दिला.

मुश्ताक दापोलीकडचा, क्लबात लागून तीनच महिने झालेला. सहा महिने व्हायच्या आत माणूस नको असेल तर क्लबाला फार काही करावं लागत नसे. क्लबाच्या जनरल मॅनेजरनं, म्हणजे जीएमनं, टिपणिसांना बोलावून एवढंच सांगितलं, "शनिवारी सकाळी रिपोर्ट पाहिजे. ड्रायव्हरची चूक असेल तर व्हिसा कॅन्सल. खलास." इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा तो माणूस बारा वर्षांत एवढं अरबी शिकला होता.

मंगळवारी सकाळी टिपणिसांनी मुश्ताकला ऑफिसात बसवलं. हात गळ्यात बांधलेला, पॅन्टवर अजून रस्त्याची माती.

"बोल. काय झालं?"

"साहेब, पट्टीवर थांबलो. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. मोकळं होतं. निघालो. पिकअप कुठनं आली ते अल्लालाच ठाऊक."

"वॉकीटॉकीवर बोलत होतास?"

"नाही साहेब."

"झोप लागली होती?"

"थांबलेल्या बग्गीत झोप लागेल साहेब. चालवताना कशी लागेल?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून टिपणिसांना आवडलं नाही. त्यांनी दुपारी पुन्हा विचारलं, संध्याकाळी पुन्हा. तिन्ही वेळा तेच उत्तर, शब्दाला शब्द. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागचं पुढं करतो, असा टिपणिसांचा अनुभव होता. हा तर पाढे म्हटल्यासारखा म्हणत होता. म्हणजे कुणीतरी पढवलेला. कुणी?

अरुण मेकॅनिक. त्रिचूरचा. तो आणि मुश्ताक एकाच खोलीत राहत, आणि दुपारी दोघांच्या डब्यांतून एकाच बांगड्याचे दोन तुकडे निघत, हे टिपणिसांनी ऑगस्टमध्येच हेरून ठेवलं होतं. ब्रेक ढिला असणार, अरुणनं तो वेळेवर बघितला नसणार, आणि आता दोघं एकमेकांना सांभाळून घेतायत.

"अरुण, चौदाचा ब्रेक दाखव."

"दिखाता है साब. मैं निकालके ही रखा।"

"मी सांगायच्या आधीच?"

"आप पूछेगा, मालूम था साब. आप तो चाय में शक्कर का भी बयान लेता है।"

काढून ठेवलेला ब्रेक म्हणजे बदललेला ब्रेक, असं टिपणिसांच्या मनात आलंच. त्यांनी तो पुन्हा बसवून घेतला, चौदा नंबर मागच्या आवारात पळवली, खडूच्या रेघेवर ब्रेक दाबला. बग्गी चार पावलांत थांबली. पुन्हा पळवली, पुन्हा चार. एरवी या गाडीला पाच लागतात, असं रजिस्टर सांगत होतं. ब्रेक चांगला होता, इतका चांगला की संशय घ्यावासा वाटे. पण घेऊन ठेवायचा कुठे?

बुधवारी त्यांनी पिकअपवाल्याला गाठलं. तो लॉन्ड्रीचा माणूस, पेशावरचा. मुश्ताकला त्यानं त्याआधी कधी बघितलेलं नव्हतं. "भाईसाब, मोड़ से निकला तो सामने गाड़ी," एवढंच तो सांगत राहिला. तेवढी एक गोष्ट मात्र खरी होती. पट्टीच्या डाव्या हाताला रस्त्याला वळण होतं आणि वळणावर क्लबाचीच कण्हेर माजलेली. तिकडून येणारी गाडी दिसली की चार सेकंदांत अंगावर.

राहता राहिला मुश्ताक. निष्काळजीपणा. टिपणिसांनी गुरुवारी रिपोर्ट लिहून टाकला. खाली सही करायची तेवढी राहिली. त्या पोराच्या पाठांतरामागे काय आहे ते अजून कळलं नव्हतं, आणि न कळलेल्या गोष्टीखाली सही करायची सवय त्यांना नव्हती.

शुक्रवारी सुट्टी. अल कुसैसच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये विभावरीबाई मेथी निवडत होत्या.

"तीन दिरहमची जुडी. म्हणजे अडतीस रुपये! आणि आत बघा, निम्म्या काड्या. तुम्ही आणलीत ना?"

"मी तपासून आणली होती."

"तपासायला गेलात की फसताच तुम्ही. नजर सगळी दुकानदाराच्या तोंडावर, मेथीवर कुठे? जा आता, कोथिंबीर आणा. इराला घेऊन जा, ती बघून घेईल."

इरा दहा वर्षांची. तिसऱ्या वर्षी इथे आली, शाळा सगळी इथली. मराठी सगळं कळे, उत्तर इंग्रजीत येई. ग्रोसरी रस्त्यापलीकडे. कडेला येताच टिपणिसांनी तिचा दंड धरला, उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं आणि पाय टाकला. तेवढ्यात इरानं दोन्ही हातांनी त्यांचा शर्ट मागे ओढला. डावीकडून आलेली टॅक्सी हॉर्न देत त्यांच्या पोटापासून हातभरावरून गेली.

"बाबा! व्हाय डू यू ऑलवेज लुक द राँग वे?"

"राँग कसं? शाळेत शिकवलंय मला. आधी उजवीकडे."

"दॅट्स फॉर इंडिया, बाबा. हिअर द फर्स्ट कार कम्स फ्रॉम द लेफ्ट. एव्हरीबडी नोज दॅट." मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "आर यू ओके?"

टिपणीस ओके नव्हते. मुश्ताकचं पाठांतर कुठून आलं, ते त्यांना कळलं होतं.

पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे, खांबावर, इंग्रजी आणि हिंदीत एक बोर्ड होता. १९९४ मध्ये, नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात, त्यांनी स्वतः मजकूर लिहून रंगवून घेतलेला. रुकिए. पहले दाएँ देखिए, फिर बाएँ, फिर दाएँ. तब चलिए. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत जी. टी., कारण आपण केलेल्या कामावर आपली खूण असावी. कामावर लागताना प्रत्येक ड्रायव्हरला टिपणिसांनी त्या बोर्डासमोर उभं करून दहा वेळा म्हणायला लावलं होतं; मुश्ताक तेच मराठीत सांगत होता, म्हणून कानाला ओळखू आलं नव्हतं. त्याआधी, तीन महिन्यांपूर्वीपर्यंत, क्लबात ड्रायव्हरच नव्हते; पाहुणे आपापल्या बग्ग्या हाकत आणि बोर्ड वाचण्याची तसदी कुणी घेत नसे. ड्रायव्हर आले तेव्हा तिघांपैकी दोघे जुने, इथल्या रस्त्यांवर टॅक्सी हाकलेले. त्यांनी म्हणून दाखवलं आणि सोडून दिलं. बोर्डाचं ऐकणारा माणूस सात वर्षांत एकच निघाला.

घरी मेथीची भाजी झाली, खाल्लीही गेली. टिपणिसांना चव कळली नाही. विभावरीबाईंनी दोनदा विचारलं, "कुणावर एवढा डोळा ठेवून बसलायत?" त्यांनी सांगितलं नाही. ज्याच्यावर डोळा ठेवायचा तो माणूस बायकोसमोरच जेवत होता.

शनिवारी ते सहाला क्लबात पोचले. जीएम आठला येई. आधी रजिस्टर काढलं. थोडक्यात टळलेल्या अपघातांचं एक पान त्यांनी आपल्याच हौसेनं राखलं होतं, कुणी मागितलेलं नसताना. सात वर्षांत अकरा नोंदी. कारणांच्या रकान्यात त्यांच्याच अक्षरात: पाहुण्याचं लक्ष नव्हतं. ऊन डोळ्यांवर. बीअर. पाहुणा पहिल्यांदाच आलेला. पुन्हा बीअर. शेजारचा रकाना गाडी कुठून आली याचा. डावीकडून. डावीकडून. डावीकडून. अकराच्या अकरा. माणसांवर संशय घेता घेता तो रकाना आपण एकदाही वरून खाली वाचला नाही, हे त्यांना आता दिसत होतं.

स्टोअरमध्ये पांढऱ्या रंगाचा अर्धा डबा होता. बोर्ड पुरता पांढरा करून टाकायला वीस मिनिटं पुरली असती. रजिस्टरातलं एक पान फाडायचं, रिपोर्टखाली एक सही, आणि मुश्ताक पुढच्या शुक्रवारच्या विमानात. कुणाला कळणार नव्हतं. इराची शाळा मार्चपर्यंत होती. आत्ता नोकरी गेली तर तिचं वर्ष जाईल, हेही त्यांनी मनात मांडून पाहिलं. डबा हातात घेऊन ते पट्टीपाशी गेले.

तिथे मुश्ताक उभा होता. प्लास्टरचा हात गळ्यात, मान वर, बोर्ड वाचत.

"इथे काय करतोयस एवढ्या सकाळी?" टिपणिसांचा आवाज त्यांनाच चोरटा वाटला.

"सगळे म्हणतात तू नीट बघितलं नसशील. म्हटलं बघावं, मी काही विसरलो का." मुश्ताकची नजर डब्यावर गेली. "रंग द्यायचाय साहेब?"

याला कळलंय, टिपणिसांना वाटलं. मग वाटलं, नाही कळलं. मग वाटलं, कळलंय आणि न कळल्यासारखं दाखवतोय. सात वर्षांत इतक्या माणसांची तोंडं वाचली, पण हे तोंड वाचता येईना.

"काय विसरलास मग?"

"काही नाही. सगळं बोर्डाप्रमाणेच केलं." तो गोंधळून हसला. "म्हणजे चूक माझीच कुठेतरी असणार ना, साहेब? बोर्ड तर तुम्ही लिहिलाय."

टिपणीस डबा खाली ठेवून परत गेले. तीन नंबरची बग्गी काढली, मुश्ताकला शेजारी बसवलं आणि पट्टीवर येऊन थांबले.

"म्हण."

"आधी उजवीकडे," मुश्ताक म्हणाला. टिपणिसांनी बघितलं. "मग डावीकडे." मोकळं. "मग पुन्हा उजवीकडे." मोकळं. "मग निघा."

टिपणीस निघाले नाहीत. पाय ब्रेकवर ठेवून मनात आकडे मोजत राहिले. एक, दोन, तीन. कण्हेरीमागून पाण्याचा टँकर निघाला आणि बग्गीच्या नाकासमोरून असा गेला की छत थरथरलं. मुश्ताकनं चांगल्या हातानं सीटची कड घट्ट धरली.

"उजवीकडे बघत बसलो म्हणून," मुश्ताक हळूच म्हणाला.

"हो."

"पण बोर्डावर..."

"बोर्ड चुकलाय. दापोलीत बरोबर आहे. इथे चुकलाय. माझी चूक."

मुश्ताकनं सीटची कड सोडली. आभार मानावेत की भांडावं, ते त्याचं ठरत नसावं. शेवटी म्हणाला, "मग तो डबा कशाला आणला होता साहेब?"

टिपणिसांनी ब्रेकवरचा पाय उचलला. बग्गी वळवली आणि ऑफिसात जाऊन जुना रिपोर्ट फाडला.

जीएमनं नवा रिपोर्ट दोनदा वाचला. बोर्डाचा मजकूर त्यानं ओठांनी पुटपुटला आणि पुटपुटताना त्याची मान आधी उजवीकडे वळली. त्याच्या देशातही गाड्या, भारतासारख्याच, रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, हे टिपणिसांना तेव्हा आठवलं. जीएम उठला, कपाटातून १९९४ ची फाइल काढली, बोर्डाच्या मंजुरीचा कागद शोधला. खाली त्याचीच सही होती.

त्यानं कागद पुन्हा फाइलीत घातला.

"मिस्टर टिपणीस, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"तुम्ही, मी, मुश्ताक. आणि रजिस्टर."

"ड्रायव्हर राहील," जीएम म्हणाला. "तुम्हाला वॉर्निंग लेटर मिळेल. ती झाडं आज कापून घ्या. बोर्ड नवा लावा." फाइल मात्र त्यानं कपाटात परत न ठेवता आपल्या बॅगेत टाकली. टिपणिसांनी ते पाहिलं आणि मनात नोंदलं. तेवढी सवय काही जाण्यातली नव्हती.

संध्याकाळपर्यंत नवा बोर्ड लागला. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. या वेळी टिपणिसांनी मजकूर इराला फोनवर वाचून दाखवला होता. तिनं "करेक्ट, बाबा" म्हटल्यावरच पेंटरला सोडलं. कोपऱ्यात जी. टी. लिहायचं का, असं पेंटरनं विचारलं. नको, म्हणाले.

पाच आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि मुश्ताक पहिल्यांदा बग्गी घेऊन पट्टीवर आला. टिपणीस मुद्दाम खांबापाशी उभे होते. मुश्ताक थांबला. त्यानं बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला. टिपणिसांकडे बघितलं. पुन्हा बोर्डाकडे बघितलं. मग किल्ली काढून खिशात टाकली, बग्गीतून उतरला, चालत रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि मान पुढे काढून आधी एकीकडे, मग दुसरीकडे, डोळ्यांनी दिसेल तिथवर बघून आला.

"लिहिलंय ना बोर्डावर?" टिपणीस म्हणाले.

"लिहिलंय साहेब," मुश्ताक बग्गीत बसत म्हणाला. "कुणी लिहिलंय?"